मी घाबरले होते

ऑफिसात तिला सगळे 'दादा' म्हणत. वयाने ती काही फार मोठी नव्हती, नुकती पस्तिशी ओलांडलेली. पण त्या विभागात सगळ्यांत जुनी तीच होती, आणि कुणाचंही काही अडलं की त्याची पावलं आपोआप तिच्या टेबलाकडे वळत. "दादा, जरा बघतोस का?" असं कुणी म्हटलं की ती हातातलं काम बाजूला सारून बघायची, न चिडता, न कंटाळता. आणि प्रत्येक 'दादा'बरोबर आत कुठेतरी बारीकशी कळ यायची. ती मात्र कुणाला दिसत नव्हती.

जन्माच्या दाखल्यावर, पगाराच्या पावतीवर आणि आईच्या तोंडी ती मुलगा होती. मनातल्या मनात स्वतःशी बोलायची ते मात्र कळायला लागल्यापासून बाईसारखं. आज मी दमले. मी विसरलेच. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, मी कुठे होते? त्या बोलण्यात कधी खंड पडला नव्हता. तेव्हा आपणही तिला 'ती'च म्हणू.

तिची खरी पंचाईत व्हायची ती क्रियापदांशी. आपल्याकडे माणसाने स्वतःबद्दल एक साधं वाक्य बोललं की ऐकणाऱ्याला कळतं, बोलणारा बाप्या आहे की बाई. 'मी आलो' म्हणताना तिच्या घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं, आणि 'मी आले' म्हणायची छाती नव्हती. म्हणून तिने आडवाटा शोधल्या होत्या. 'केलं', 'पाहिलं', 'लिहिलं' ही क्रियापदं गरीब, ती बोलणाऱ्याची चौकशी करत नाहीत. 'येईन', 'सांगेन' हेही बिनधोक. वैरी होता तो वर्तमानकाळ, आणि 'आलो', 'जेवलो'सारखा भूतकाळ. 'मी निघतो' म्हणायच्या ऐवजी ती 'निघायला हवं' म्हणायची. 'मी जेवलो'च्या जागी 'जेवण झालं'. लोकांना वाटे, दादा जरा पुस्तकी बोलतो, हुशार माणसं अशीच. पण प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी उलटसुलट करून तपासायचं म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळणार? संध्याकाळी घरी जाताना तिचा जबडा दुखायचा.

त्यात काम असं की जिवाला स्वस्थता नाही. तिची कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. तपासणी झाली की रिपोर्ट प्रयोगशाळेतून निघून दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर जाऊन पडायचा, आणि मधल्या सगळ्या वाटेची राखण हिच्याकडे. कुणीतरी खाटेवर पडलंय, डॉक्टर रिपोर्टची वाट बघताहेत आणि तो आपल्यामुळे अडकलाय, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. सकाळी दात घासताना एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात फोन. रिपोर्ट चालू आहेत ना? चालू आहेत. चूळ भरून पुन्हा एकदा बघायचं. आत्ता चालू होते, आत्ताही आहेत ना?

मग छातीत धडधड सुरू झाली. चांगली बसलेली असताना एकदम काळीज तोंडाशी यायचं, हात गार पडायचे, आणि वाटायचं, संपलं आता. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. घोर कशाचा लागलाय, ते बघा." त्यांनीच एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

पहिल्या दोन भेटींत ती बाईंशी फक्त सर्व्हरबद्दल बोलली. तिसऱ्या भेटीत, पाण्याचा पेला हातात फिरवता फिरवता, तिच्या तोंडून निघून गेलं, "मी फार दमले हो." बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. "कशाने दमलात?" एवढंच त्यांनी विचारलं. ती तिथे ढसाढसा रडली. त्यानंतर आठवड्यातला तो एक तास तिचा होता. तेवढ्यापुरतं तिला वाक्यं तपासावी लागत नसत. खोलीबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला पुन्हा कुलूप.

आता जे घडलं ते सांगायचं.

मध्यंतरी काही रिपोर्ट उशिरा पोहोचल्याची तक्रार आली होती. कारण काही सापडेना. तिची झोप उडाली. शेवटी तिने प्रोग्रामला बजावून ठेवलं की यापुढे तू जे जे करशील त्याची बारीकसारीक नोंद ठेव, म्हणजे पुन्हा असं झालं तर चोर हाती लागेल. इतक्या नोंदींची गरज नव्हती, हे तिलाही माहीत होतं. पण धास्ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. तो लिहीत राहिला. लिहून लिहून त्याने सर्व्हरवरची सगळी जागा भरून टाकली आणि एका शुक्रवारी भर दुपारी, जेवणाचे डबे उघडायच्या सुमारास, सगळंच ठप्प झालं. एकही रिपोर्ट पुढे सरकेना.

क्षणात फोनावर फोन. मोठा कॉल लावला गेला. त्यात सगळा विभाग, वरचे दोघे-तिघे आणि दवाखान्यांच्या बाजूने बोलणारे एक अधिकारी. विभागप्रमुख बाईही होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे हेडमास्तर. इतक्या माणसांच्या कानांसमोर ती शोधू लागली. डोकं चालत होतं, ते तिचं नेहमी चालायचं. थोड्याच वेळात तिला जागा भरल्याचं दिसलं, आणि ती कशाने भरली तेही.

"सापडलं," ती म्हणाली. "नोंदींनी जागा भरली आहे. जुन्या नोंदी हटवायला घेतल्या आहेत, पाच-दहा मिनिटांत सुरू होईल."

"एवढ्या नोंदी लिहायला सांगितलं कुणी?" हेडमास्तरांनी विचारलं.

खरं तर 'ते माझ्याकडून झालं' म्हणून भागलं असतं. वाक्य तयारही होतं. पण त्या घटकेला तिचं सगळं लक्ष सर्व्हरवर होतं, वाक्यावर पहारा द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

"मीच," ती म्हणाली. "मागच्या तक्रारीनंतर मी घाबरले होते. म्हणून केलं ते."

दवाखान्यांचे अधिकारी म्हणाले, "बरं. सुरू झालं की कळवा." आणि पुढची बोलणी सुरू झाली.

रिपोर्ट धावू लागले. लोकांचा जीव भांड्यात पडला, डबे पुन्हा उघडले गेले. ती मात्र जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. 'घाबरले होते.' मी हे खरंच बोलले की मनात म्हटलं? बोलले. इतक्या जणांसमोर बोलले. ऐकलं असेल का कुणी? आवाज तुटला असेल, फोनची रेंज गेली असेल, कुणाला वाटेल घाईत जीभ घसरली. जागेवर परतली तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. पलीकडच्या टेबलावर दोघं हसले. ते कशावर हसले? एरवी जाता जाता 'काय दादा' म्हणणारा माणूस आज नुसती मान हलवून गेला. का?

घरी निघताना फोनवर एक निरोप आला. पाठवणारा त्यांचा टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणारा. प्रत्येक वाक्यात 'पण', 'परंतु' घातल्याशिवाय त्याचं पान हलत नसे, म्हणून त्याला सगळे किंतु-परंतु म्हणत. त्याने लिहिलं होतं, 'तुझ्याशी एक बोलायचं आहे. परंतु फोनवर नको. सोमवारी भेटू.' पाठोपाठ हेडमास्तरांचं बोलावणं. सोमवारी सकाळी, बंद खोलीत, फक्त दोघी.

शनिवार तिने कसा काढला तो तिलाच ठाऊक. ताटातलं अन्न तसंच राहत होतं. फोन उचलायचा, किंतु-परंतुचा निरोप वाचायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. 'परंतु फोनवर नको' यातल्या 'नको'चा अर्थ काय? श्वास मोजायचा व्यायाम बाईंनी शिकवला होता, तो करून पाहिला तर मोजताना आकडेच हरवले.

दुपारी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. घरात त्या दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईची सगळी नोकरी छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली. निवृत्त झाली तरी डोळा गेला नव्हता, वाण्याच्या पाटीतलाही ऱ्हस्व-दीर्घ तिला खटकायचा.

"ऑफिसात काही झालंय का?" आईने मान वर न करता विचारलं.

"काम अडकलं होतं. सुटलं."

"मग जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

आईने एक शेंग हातात धरली आणि ती फोडलीच नाही. "एक विचारू? तू 'मी' म्हणून धड वाक्य का बोलत नाहीस रे? किती वर्षं झाली. 'जेवण झालं.' 'झोप लागली नाही.' 'जायला हवं.' कचेरीतल्या परिपत्रकासारखं. छापलेलं कुणालाही दिसतं, बाळा, मला गाळलेलं आधी दिसतं."

ही बाई इतकी वर्षं समोर बसून सगळं ऐकत होती तर.

"मला वाटायचं," आई पुढे म्हणाली, "हा स्वतःला हळूहळू पुसतोय. एक दिवस सगळंच पुसून टाकेल. तुझ्या बाबांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या होत्या ना, त्या मी टाकून दिल्या. तुझ्या खोलीतला दिवा मालवल्याशिवाय मला झोप येत नाही. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि तू हो म्हणालास, तर?"

"आई, तसं नाहीये गं."

"कधीच मनात आलं नाही तुझ्या?"

खोटं बोलता आलं असतं. "आलं होतं," ती म्हणाली. "पूर्वी. आता नाही येत. आलं तर सांगायचं कुणाला, ते आता माहीत आहे. मी एका बाईंकडे जाते त्यासाठी."

शेंग आईच्या हातातून ताटात पडली. "काय म्हणालास?"

"जाते म्हटलं. चुकून नाही, आई. मी गाळत होते ते हेच."

मग ती बोलत राहिली. किती वेळ बोलली, काय क्रमाने बोलली, तिला नंतर आठवेना. आई ऐकत होती आणि हात आपलं काम करत होते, पण उलटं. दाणे सालपटांच्या ढिगात आणि सालपटं पातेल्यात.

"हा आजार आहे का?" आईने विचारलं.

"नाही. आजार निराळा. छातीत धडधडतं, घाबरायला होतं, तो आजार. त्यावर उपचार चालू आहेत. हे म्हणजे मीच आहे."

"माझं काही चुकलं का?"

"नाही गं."

आई उठली. पातेल्यातली सालपटं तिला तेव्हा दिसली. ती तशीच ठेवून आई आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. रविवारभर आई बोलली नाही. ताट मात्र वाढलं, दोन्ही वेळा, आणि ते रिकामं होईपर्यंत समोर बसून राहिली.

सोमवारी चहाच्या यंत्रापाशी किंतु-परंतु तिची वाट बघतच उभा होता. त्याच्या हातातला कागदी पेला चुरगळला होता.

"माझी चूक आहे," तो घाईघाईने म्हणाला. "नोंदींचा तो बदल माझ्याकडे तपासायला आला होता. परंतु तुझं काम म्हणून मी डोळे झाकून पुढे ढकलला. जागा किती लागेल हे विचारायचं काम माझं होतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मॅडमना मी सांगणार आहे, परंतु आधी तुला सांगावं म्हटलं."

एवढंच होतं? तिला एकदम हलकं वाटलं. पण तो गेला नाही. चुळबुळत तिथेच उभा राहिला.

"आणखी एक. परंतु राग मानू नकोस. त्या दिवशी कॉलवर तू म्हणालास... म्हणजे तू म्हणालीस..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे असं म्हटलं गेलं, की घाबरायला झालं होतं. तर जे म्हटलं गेलं, ते तसंच म्हणायचं होतं का?"

त्याची ती कसरत ऐकून तिला हसू फुटलं. किती दिवसांनी. वर्षानुवर्षं ती ज्या आडवाटांनी फिरत होती, त्यांत हा बिचारा एका मिनिटात हरवला होता.

"तसंच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "म्हणालीस म्हटलंस तरी चालेल."

"बरं," तो म्हणाला. थोडा विचार करून म्हणाला, "परंतु मग 'दादा'चं काय करायचं?"

"ते मलाही माहीत नाही अजून."

हेडमास्तरांच्या खोलीत मात्र इतकं सोपं गेलं नाही. त्यांनी पाणी पुढे केलं, दार नीट लागलंय ना ते बघितलं. चुकीबद्दल फार बोलल्या नाहीत. नोंदींवर मर्यादा घाला, तपासणी कडक करा, झालं. मग हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाल्या, "शुक्रवारी तू जे बोललास, ते आमच्यापैकी काहींनी ऐकलं. मला तुझ्या खासगी गोष्टींत शिरायचं नाही. पण थोडे दिवस ग्राहकांच्या कॉलवर येऊ नकोस. तुझ्या तब्येतीसाठीच सांगतेय."

छातीत धडधड सुरू झाली. हात गार. समोरच्या बाई वाईट नव्हत्या. तिच्या वडिलांच्या आजारपणात यांनीच न मागता रजा मंजूर केली होती. म्हणून तर नाही म्हणणं अवघड.

"मॅडम, माझी तब्येत ही एक गोष्ट आहे," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "तिच्यासाठी सुट्टी लागली तर मी मागेन. मी काय आहे, ही दुसरी गोष्ट. तिच्यासाठी मला सुट्टी नको आहे."

"ग्राहक काय म्हणतील, हेही बघावं लागतं ना मला."

"ग्राहकांनी त्या दिवशी एकच सांगितलं. सुरू झालं की कळवा."

हेडमास्तरांनी टोपण पेनाला लावलं. "वर विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

ते वर विचारणं बरेच दिवस चाललं. हो कुणी म्हणेना, नाही कुणी म्हणेना. ती रोज सकाळी धास्तावून फोन उघडायची आणि काहीच आलेलं नसायचं. मग एका बुधवारी ग्राहकांच्या कॉलचं नेहमीचं आमंत्रण आलं, पूर्वी यायचं तसंच, एका अक्षराचाही फरक नाही. तेच उत्तर समजायचं. ती कॉलवर गेली. "मी आले आहे," म्हणाली. दवाखान्यांच्या अधिकाऱ्यांनी मागच्या महिन्याचा हिशेब विचारला, तिने तो दिला.

सगळंच काही सुरळीत झालं असं नाही. जेवताना नेहमी शेजारी बसणाऱ्या एकाने आपला डबा दुसऱ्या टेबलावर हलवला आणि तो परत आणला नाही. कुणी ताई म्हणू लागलं, तेही शाळेतल्या बाईंना हाक मारावी तसं, अंतर राखून. बरेचजण सवयीने दादाच म्हणत आणि मग जीभ चावत. कधी कधी ती चावलेली जीभच जास्त लागायची. धडधड थांबली नव्हती. ब्रश करताना फोन बघणं चालूच होतं. जबडा मात्र दुखत नव्हता.

घरी आईने पळवाट काढली होती. 'बाळा' म्हटलं की पुढे काय लावायचं हा प्रश्न येत नाही. "बाळा, चहा ठेवलाय." "बाळा, दार लाव." क्रियापदं आली की आई वाक्य अर्धवट सोडायची. लेकीला सगळं दिसत होतं. एकदा ती चिडून म्हणालीही, "तू तरी पूर्ण वाक्य बोल." आई म्हणाली, "येईल. मला वेळ लागतोय, तेवढा दे." आणि भांडी आपटत राहिली.

मग एका सायंकाळी, तिची बाईंकडे जायची वेळ झाली होती, ती चपला घालत होती, तर आई साडी बदलून पर्स घेऊन दारात उभी.

"तुझ्या त्या बाई माझ्याशी बोलतील का?"

"तुझ्याशी? कशाबद्दल?"

"ते मी त्यांना सांगेन."

बाईंनी दोघींना पाहिलं आणि त्या काही न विचारता आईला आत घेऊन गेल्या. दार बंद झालं. ती बाहेरच्या बाकावर बसली. इतके दिवस या दाराच्या आतल्या बाजूला ती बसायची, त्यामुळे बाहेर कसं वाटतं हे तिला माहीतच नव्हतं. आतून शब्द कळत नव्हते, नुसती कुजबुज. मध्येच आईचा आवाज चढला, मग बराच वेळ काही नाही. रडतेय का? काय सांगत असेल? माझ्याबद्दल की बाबांबद्दल? की आपल्याला अजिबात ठाऊक नसलेलं काही? शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ मासिक चाळत होते, त्यांनी तिच्या हलणाऱ्या पायाकडे पाहिलं. तिने पाय दाबून धरला. घड्याळ जणू अडकलं होतं.

तास संपला तेव्हा दार उघडलं. आईचे डोळे सुजले होते, पण केस नीट विंचरलेले, पदर नीट. तिने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि टेबलाशी वेळा नोंदवत बसलेल्या मुलीकडे गेली.

"पुढच्या आठवड्याची वेळ द्या," आई म्हणाली. "हिची आहे तीच राहू दे. मला वेगळी हवी."

मुलीने वेळ लिहून घेतली. ती बाकावरून उठून जवळ आली तेव्हा आईने वळून न पाहताच तिचा हात धरला, आणि दोघी जिना उतरू लागल्या.